फ्लॅटआयर्न बिल्डिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कला कुणी पाहुणे आले की मी त्यांना तेविसाव्या रस्त्यावर नेतोच. फ्लॅटआयर्नसमोर उभं राहिल्यावर जवळजवळ प्रत्येक जण तेच तेच प्रश्न विचारतो, आणि सगळ्यांची उत्तरं फुटपाथवर उभ्याउभ्या देता येत नाहीत. म्हणून ती इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. या इमारतीवर माझं मनापासून प्रेम आहे, ते लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

या इमारतीला असं नाव का पडलं?

फ्लॅटआयर्न म्हणजे इस्त्री. आपल्याकडे परटाच्या टपरीवर कोळशाची इस्त्री असते, तिचा तळ डोळ्यांपुढे आणा: मागे रुंद आणि पुढे निमुळतं होत गेलेलं टोक. इमारत वरून पाहिली तर नेमकी तशी दिसते. फरक इतकाच, की त्या काळच्या अमेरिकन घरांतली ही इस्त्री पोकळ नसायची. तो लोखंडाचा भरीव ठोकळा असे आणि तो शेगडीवर तापवून वापरत.

नाव मात्र इमारतीपेक्षा जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात ही जागा ईनो नावाच्या घराण्याकडे होती आणि त्या तिकोनी तुकड्यालाच लोक ‘ईनोची इस्त्री’ म्हणत. पुढे इमारत बांधणाऱ्या कंपनीने तिला आपल्या संस्थापकाच्या नावावरून ‘फुलर बिल्डिंग’ हे नाव दिलं. कागदोपत्री ते बरीच वर्षं चाललं, पण लोकांच्या तोंडी काही बसलं नाही. आता तर आजूबाजूच्या अख्ख्या भागालाच फ्लॅटआयर्न डिस्ट्रिक्ट म्हणतात.

शहराच्या मध्यात असा तिकोनी तुकडा आला कुठून?

ही करामत ब्रॉडवेची. मॅनहॅटनचे रस्ते १८११ च्या आराखड्यानुसार आखले गेले. वहीच्या चौकटीसारखे उभे अ‍ॅव्हेन्यू आणि आडवे स्ट्रीट. ब्रॉडवे त्याच्याही आधीचा, मूळ रहिवाशांच्या पायवाटेवरून चालत आलेला रस्ता. तो त्या चौकटीला जुमानत नाही, तिरका जातो. जिथे जिथे तो एखाद्या अ‍ॅव्हेन्यूला छेदतो तिथे तिथे एक तिकोनी चौक तयार होतो. टाइम्स स्क्वेअर हा त्यातलाच, हेराल्ड स्क्वेअरही त्यातलाच. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूला तो तेविसाव्या रस्त्यापाशी छेदतो, आणि तिथे आपली ही इमारत उभी आहे.

शाळेतली भूमिती आठवत असेल तर हा काटकोन त्रिकोण आहे. बाविसाव्या रस्त्याकडची बाजू सुमारे ८७ फूट, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूची सुमारे १७३ फूट आणि ब्रॉडवेकडचा कर्ण सुमारे १९० फूट. उत्तरेचं टोक गोलसर केलेलं आहे आणि तिथे इमारतीची रुंदी जेमतेम साडेसहा फूट भरते. दोन माणसांनी हात पसरले तर मावणार नाहीत.

इमारतीच्या आधी तिथे काय होतं?

काही कमी उंचीची दुकानं आणि कंबरलँड नावाची सात मजली इमारत. कंबरलँडची उत्तरेकडची कोरी भिंत मॅडिसन स्क्वेअरच्या बागेतून थेट दिसायची. त्यामुळे त्या भिंतीवर जाहिराती रंगवल्या जात. रात्री पडदा लावून जादूच्या कंदिलाने त्यावर चित्रं टाकत आणि निवडणुकीच्या रात्री निकाल दाखवत. ते पाहायला खाली तुफान गर्दी जमे.

पाडकामाच्या वेळची एक गोष्ट मुंबईकरांना लगेच पटते. १९०१ साली सगळे भाडेकरू निघून गेले, पण एका निवृत्त कर्नलने करार संपेपर्यंत खोली सोडायला साफ नकार दिला. पैसे देऊ केले, तरी ऐकेना. त्याच्या खोलीभोवतीची इमारत कामगार उतरवत राहिले आणि हा आत राहतच होता.

कोणी बांधली?

वास्तुविशारद म्हणून नाव लागतं शिकागोच्या डॅनियल बर्नहॅमचं. त्याच्या कचेरीतल्या फ्रेडरिक डिंकेलबर्गने रेखाटनांचा मोठा भार उचलला, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असतं आणि त्याची मला दर वेळी हळहळ वाटते. हाच बर्नहॅम १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामाचा प्रमुख होता. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद तिथे बोलले, ते आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं.

पैसा आणि ठेकेदारी फुलर कंपनीची. पाया, पोलाद, गवंडीकाम, सुतारकाम अशी निरनिराळी कामं निरनिराळ्या ठेकेदारांना द्यायची ही त्या काळची रीत. ‘पायापासून कळसापर्यंत सगळं आम्ही करतो’ असं म्हणणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. संस्थापक जॉर्ज फुलर १९०० मध्ये वारला. त्याचा जावई हॅरी ब्लॅक याने सूत्रं हातात घेतली आणि कंपनीचं मुख्यालय म्हणून ही इमारत उभारली.

तिसरं नाव कॉरिडन पर्डी, स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत उभी आहे ती त्याच्या गणितावर.

ही जगातली पहिली गगनचुंबी इमारत का?

नाही. तो मान सहसा शिकागोच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगला देतात. ती १८८५ ची, विल्यम ल बॅरन जेनीची, सुरुवातीला दहा मजल्यांची. १९३१ मध्ये ती पाडली. त्याच्याही आधी लिफ्टचा प्रश्न सुटावा लागला. इलायशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापून दाखवला, लिफ्ट जागच्या जागी अडकली, आणि १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका दुकानात पहिली प्रवासी लिफ्ट बसली. त्याशिवाय पाचव्या-सहाव्या मजल्याच्या वर भाडेकरू चढलाच नसता.

निदान न्यूयॉर्कमधली सर्वांत उंच तरी?

तेही नाही. हिची उंची २८५ फूट, म्हणजे सुमारे ८७ मीटर. ती १९०२ मध्ये पूर्ण झाली तेव्हा शहराच्या दक्षिण भागात ३९१ फूट उंचीची पार्क रो बिल्डिंग उभीच होती. १९०९ मध्ये तर समोरच, मॅडिसन स्क्वेअरच्या दुसऱ्या अंगाला, मेट्रोपॉलिटन लाइफचा ७०० फुटी मनोरा आला. १९०५ मध्ये फ्लॅटआयर्नच्या गच्चीवर चित्रकारांच्या स्टुडिओंसाठी आणखी बांधकाम चढवलं. आज मजले २२ मोजतात.

भिंती तर चांगल्या जाडजूड दगडी दिसतात. इमारतीचा भार त्यांच्यावरच ना?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण या इमारतीची खरी गोष्ट इथून सुरू होते.

भिंतींवर काहीच भार नाही. त्या फक्त पांघरूण आहेत. आत पोलादाचा सांगाडा आहे, उभे खांब आणि आडव्या तुळया. प्रत्येक मजल्यावर कडेची तुळई आपल्यापुरती भिंत तोलते. चौदाव्या मजल्याची भिंत तेराव्याच्या भिंतीवर बसलेली नाही, ती तिथल्या पोलादावर टेकलेली आहे. भार तुळईतून खांबात आणि खांबातून पायात जातो.

याचं महत्त्व कळायला शिकागोची मोनॅडनॉक बिल्डिंग पाहा. बर्नहॅमच्याच भागीदारीतलं काम. सोळा मजले, आणि तिचा १८९१ चा उत्तरेकडचा अर्धा भाग विटांच्या भारवाहक भिंतींवर उभा. सोळा मजल्यांचा भार पेलायचा म्हणून तळाशी त्या भिंती सहा फूट जाड कराव्या लागल्या. आता ती जाडी उचलून फ्लॅटआयर्नच्या टोकाशी आणून ठेवा. टोकाची रुंदी साडेसहा फूट. एका बाजूला सहा फुटी भिंत, दुसऱ्या बाजूला सहा फुटी भिंत. दोन्ही मावतच नाहीत, मग आतली खोली कुठली? टोक सोडून मागे सरकलं तरी तळमजल्याची कितीतरी जागा भिंतीच खाऊन टाकतील, आणि नेमकी तीच जागा दुकानांच्या भाड्याची असते.

म्हणजे हा तुकडा रिकामा किंवा कमी उंचीच्या दुकानांचाच राहिला असता. एवढ्या अरुंद जागेवर एवढी उंची शक्य झाली ती निव्वळ पोलादामुळे. लोक आकाराचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. पण तो आकार झेपवला कुणी, ते बाहेरून दिसत नाही.

त्यात कायद्याचाही हातभार होता. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या बांधकाम नियमांत बदल झाला, आगीपासून बचावासाठी दगड-विटांच्याच भिंती हव्यात ही अट गेली आणि पोलादी सांगाड्याला वाट मोकळी झाली.

बांधायला किती काळ लागला?

पायाचं काम १९०१ मध्ये सुरू झालं आणि १९०२ मध्ये इमारत वापरात आली. पोलाद बाहेर, पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यात मापाने कापून, भोकं पाडून आणलं जाई. जागेवर फक्त जोडायचं. माप इतकं चोख होतं, की सांगाडा आठवड्याला एक मजला या गतीने चढला.

जोडणी रिव्हेटने, म्हणजे जाड डोक्याच्या पोलादी खिळ्यांनी. एक जण भट्टीत रिव्हेट लालभडक करायचा आणि चिमट्याने वर फेकायचा. दुसरा तो डब्यात झेलून भोकात बसवायचा. तिसरा मागून दाब द्यायचा, चौथा पुढून ठोकायचा. ना हेल्मेट, ना कमरेला पट्टा. आजच्या साइटवर स्लॅब पडताना पाहिलेल्या माणसाला या गतीचं मोल चटकन कळेल.

एवढी सडपातळ इमारत वाऱ्याने पडेल असं कुणाला वाटलं नाही?

वाटलं, आणि खूप जणांना वाटलं. पडली तर ढिगारा कुठवर जाईल यावर पैजा लागल्या होत्या.

भीती अगदीच खुळी नव्हती. जुन्या इमारती आपल्या वजनानेच वाऱ्यापुढे उभ्या राहत. हलका सांगाडा आला तसा वारा हा नवा प्रश्न झाला. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट बाजूने ढकलली तर तिरकी होते. लाकडी खाट जुनी झाली की कशी करकरत एका अंगाला झुकते, तसं. उपाय खाटेचाच: कोपऱ्यात तिरका तुकडा ठोकायचा. पर्डीने खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे पोलादाचे असे कोनातले आधार दिले. शिवाय त्या भागात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त वाऱ्याच्या चौपट जोर धरून हिशेब केला. सव्वाशे वर्षं झाली, इमारत जागची हललेली नाही.

मग वाऱ्याच्या गोष्टी कसल्या सांगतात?

इमारत पडली नाही, पण तिने वारा खाली आणला. उत्तरेकडून येणारा वारा त्या टोकावर आपटतो, दोन्ही अंगांनी फाकतो आणि रस्त्यावर उतरतो. टोप्या उडायच्या, छत्र्या उलट्या व्हायच्या. तेव्हा बायकांचे घोळदार झगे घोट्यापर्यंत असत. ते वाऱ्याने वर उडत, आणि ते पाहायला टवाळ पोरं कोपऱ्यावर जमत. पोलीस त्यांना हाकलत. ‘ट्वेंटी-थ्री स्किडू’, म्हणजे ‘चल, सटक इथून’, हा त्या काळचा वाक्प्रचार इथूनच निघाला असं पुष्कळ जण सांगतात. तो आधीपासूनच वापरात होता असंही मत आहे, तेव्हा फार छातीठोकपणे सांगू नका.

हसण्यावारी नेण्यासारखंच सगळं नव्हतं. १९०३ मध्ये निरोप पोचवणारा एक कोवळा मुलगा इथल्या वाऱ्याने रस्त्यावर फेकला गेला आणि मोटारीखाली सापडून मेला. तो झगे उडण्याचा किस्सा लोक हसत सांगतात तेव्हा मला हा मुलगा आठवतो.

उंच इमारतींनी वाऱ्याची दिशा बदलते हे आज नव्या मनोऱ्याआधी प्रयोगशाळेत तपासतात. इथे ते लोकांना रस्त्यावर कळलं.

जवळ गेल्यावर काय पाहायचं?

घाई करू नका. आधी पायथ्याशी हात लावा. खालचे मजले चुनखडीच्या दगडाचे आहेत, खडबडीत आणि हिवाळ्यात बर्फासारखे गार. तिथून वर जे दगडासारखं दिसतं ते दगड नाही, ती भाजलेली माती, म्हणजे झिलई दिलेला टेराकोटा. न्यूयॉर्कच्याच स्टेटन आयलंडवरच्या कारखान्यात तो साच्यांत घडवला गेला. हलका, आगीला न जुमानणारा आणि हवी ती नक्षी उठवता येणारा. एकच साचा पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून वीस मजले नक्षीने भरणं परवडलं. फुलांच्या माळा, चेहरे, पदकं. खालून डोळ्यांना नीट पोचतही नाही अशा उंचीवर सुद्धा काम तितकंच मन लावून केलेलं आहे.

मग रस्ता ओलांडून मागे जा आणि पूर्ण इमारत एका नजरेत घ्या. ग्रीक खांबासारखी तिची तीन भागांत मांडणी आहे: खाली बैठक, मधे लांब दांडा, वर भरगच्च माथा. मधल्या मजल्यांवर भिंत सपाट नाही. खिडक्यांचे उभे पट्टे किंचित बाहेर येतात, परत आत जातात. ऊन तिरकं पडलं की भिंतीवर हलकी लाट उठल्यासारखी दिसते. ही लाट फोटोत येत नाही, तिथे उभं राहूनच पाहावी लागते.

टोकाशी ती काचेची छोटी खोली कसली?

ते दुकान. रेल्वे इंजिनापुढे गुरं बाजूला सारणारी जाळी असते, तिच्यावरून त्याला ‘काउकॅचर’ म्हणतात. बर्नहॅमला ते नको होतं, ब्लॅकने भाड्यासाठी ते लावून धरलं. मला विचाराल तर बर्नहॅमचं बरोबर होतं. टोक थेट जमिनीतून उगवताना पाहायला मिळालं असतं.

तेव्हाच्या लोकांना आवडली का?

वर्तमानपत्रांनी बरंच तोंडसुख घेतलं. न्यूयॉर्क ट्रिब्यूनने तिला ‘पाय’ (pie) या सारण भरून भाजलेल्या गोल पदार्थाच्या, कंजूषपणे कापलेल्या तुकड्याची उपमा दिली. सामान्य माणसं मात्र माना वर करून पाहत राहिली.

मत फिरवलं ते फोटोंनी. अल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९०३ च्या बर्फात तिचा फोटो काढला. पुढे एक काळं झाड आणि मागे धुक्यात विरघळत चाललेली इमारत. त्याला ती आपल्या दिशेने येणाऱ्या अवाढव्य आगबोटीच्या नाळेसारखी वाटली होती. पाठोपाठ एडवर्ड स्टायकेनने ओल्या संध्याकाळी, घोडागाड्यांच्या रांगेमागे ती टिपली. हे दोन फोटो आधी बघून मग इमारतीपाशी गेलात तर डोळे वेगळं पाहतात.

आत काम करणं कसं होतं?

टोकाच्या खोल्यांतून उत्तरेचा देखावा असा, की जहाजाच्या नाळेवर उभं राहिल्यासारखं वाटावं. बाकी गैरसोयी पुष्कळ. सुरुवातीला बायकांसाठी स्वच्छतागृहंच नव्हती. नंतर एका मजल्यावर पुरुषांचं, पुढच्यावर बायकांचं अशी वाटणी झाली. लिफ्ट पाण्याच्या दाबावर चालायच्या आणि १९९० च्या दशकापर्यंत त्यांनी लोकांची सहनशक्ती तपासली. एकविसाव्या मजल्यावर जायला विसाव्यावर लिफ्ट बदलावी लागे, आणि वर पोचल्यावर खिडक्यांची खालची कड छातीपर्यंत. बसून बाहेर पाहायची सोयच नाही. पुस्तक प्रकाशकांना ही इमारत कायम मानवली. शेवटची मोठी भाडेकरू मॅकमिलन प्रकाशनसंस्था २०१९ मध्ये इथून हलली.

आपल्याकडे असं काही आहे का?

तिकोनी इमारती गावोगावच्या नाक्यांवर आहेत. पण सांगाड्याच्या दृष्टीने नातं लावायचं तर काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनशी, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलशी लावा. १८६० च्या दशकात रोलँड मेसन ऑर्डिशने तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा रचला. भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईला आणले आणि इथे जोडले. फ्लॅटआयर्नच्या तीसेक वर्षं आधी. लोखंडाने भार घ्यायचा, भिंतीने फक्त जागा भरायची हीच कल्पना, आणि इथे तर ते लोखंड झाकलेलंही नाही, बाहेरून उघड दिसतं. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंचे चित्रपट मुंबईत पहिल्यांदा दाखवले ते इथेच. आज तिची मोडकळीला आलेली दशा पाहवत नाही. फ्लॅटआयर्नला १९६६ मध्ये शहराने आणि १९८९ मध्ये देशाने ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. तसं प्रेम तिच्या मुंबईतल्या या थोरल्या बहिणीला मिळायला हवं होतं.

आता आत जाता येतं का?

नाही. मॅकमिलन गेल्यावर इमारत रिकामी पडली, मालकांचे आपसांत पटेना, शेवटी लिलाव झाला. मार्च २०२३ मध्ये १९ कोटी डॉलरची बोली लागली, पण बोली लावणाऱ्याने अनामत भरलीच नाही. मे महिन्यात पुन्हा लिलाव झाला आणि आधीपासून बहुसंख्य वाटा असलेल्या मालकांनीच १६ कोटी १० लाख डॉलरला ती घेतली. त्यानंतर कचेऱ्यांच्या जागी घरं करायचं ठरलं. परांची बांधलेली दिसली तर निराश होऊ नका, डागडुजी टेराकोटाला हवीच होती.

कुठून आणि कधी पाहावी?

न्यूजर्सीहून येत असाल तर पाथ ट्रेनने तेविसाव्या रस्त्याला उतरा आणि पूर्वेकडे एक मोठा ब्लॉक चाला. सबवेने आलात तर आर किंवा डब्ल्यू गाडीचं तेविसाव्या रस्त्याचं स्टेशन अगदी दारात आहे. त्या स्टेशनातून घाईने बाहेर पडू नका. भिंतींवर काचेच्या तुकड्यांत टोप्या रंगवल्या आहेत, जुन्या काळच्या नामवंतांच्या, जणू वाऱ्याने डोक्यावरून उडालेल्या. वरच्या रस्त्याची ती आठवण आहे.

वर आलात की मॅडिसन स्क्वेअरच्या बागेच्या दक्षिण टोकाशी थांबा. संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास ऊन फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या अंगावर येतं आणि ब्रॉडवेची बाजू सावलीत जाते, तेव्हा टोकाची धार सगळ्यांत स्पष्ट दिसते. हिवाळ्यात येणार असाल तर कानटोपी घट्ट बांधा.